खिळे कुठे, रबर कुठे

सायकल चालवताना पाय पायडलवरून घसरू नये म्हणून माणसाने गेल्या दीडशे वर्षांत जे काही केले, त्याचा इतिहास खरे तर दोनच वस्तूंचा आहे, रबर आणि खिळे. पूर्वी खिळे बुटांना असत आणि रबर पायडलला. आता डोंगरात चालवायच्या सायकली बघा, रबर बुटांना आणि खिळे पायडलला! ही उलटापालट कधी झाली, का झाली, हे गेले दोन महिने मी जमेल तसे वाचते आहे. बूट विकत घ्यायच्या निमित्ताने हे वाचन सुरू झाले. बूट अर्थातच माझ्यासाठी नव्हेत. कोणासाठी ते ओघाने येईलच.

आधी शब्दाचे सांगते. शाळेत आम्ही मुलांना 'पेडल' असे शुद्ध लिहायला लावत असू, पण घरी, रस्त्यावर, सायकलच्या दुकानात सगळे 'पायडल'च म्हणत. मला तोच शब्द जास्त आवडतो. इंग्रजी शब्दाला आपल्या लोकांनी परस्पर 'पाय' जोडून टाकला, आणि अर्थ जागच्या जागी राहिला. तेव्हा इथे पायडलच.

सायकलला पायडल आले ते १८६०च्या दशकात, पॅरिसमध्ये. मिशो नावाच्या लोहाराच्या कारखान्यात पुढच्या चाकाच्या आसालाच दोन्ही बाजूंनी ती बसवली जात. पुढे ते चाक माणसाच्या छातीइतके उंच झाले, मग १८८५ साली इंग्लंडमध्ये स्टार्लीने दोन सारख्या चाकांची आणि मागे चेन असलेली 'रोव्हर' काढली. आपण आज जिला सायकल म्हणतो ती हीच. त्या सुमारास पायडलच्या दोन जाती पडल्या. एक लोखंडी दात्यांची, शर्यतवाल्यांसाठी. तिला 'रॅट ट्रॅप' म्हणत, म्हणजे चक्क उंदराचा सापळा. दुसरी रबराच्या वड्यांची, सभ्य लोकांसाठी. चार्ल्स गुडइयरला १८३९ साली रबर गंधकाबरोबर तापवायची युक्ती सापडली होती, म्हणून हे शक्य झाले. त्याआधीचे रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचे आणि थंडीत तडकायचे. टायर, पायडल, स्लीपर, खोडरबर, सगळ्यांची कुलकथा तिथपर्यंत जाते.

आपल्या देशात आली ती सभ्य लोकांची जात. आधी रॅले, हंबर, बीएसए अशा विलायती सायकली, आणि स्वातंत्र्यानंतर मद्रासेत टी.आय. सायकल्स (१९४९), सोनीपतला अ‍ॅटलस (१९५१), लुधियान्याला हिरो (१९५६). नाव काहीही असो, पायडल तेच. मध्ये लोखंडी दांडा, दोन्ही बाजूंना जाड काळ्या रबराच्या खाचा पाडलेल्या वड्या.

या पायडलचा एक मोठा गुण कोणी लक्षात घेत नाही. पकड पायडलमध्येच होती, त्यामुळे पायात काय आहे याची सायकलला पर्वा नव्हती. चामड्याचा गुळगुळीत तळ असलेला पुणेरी जोडा चालत असे, कोल्हापुरी चालत असे, लग्नातले पंपशू चालत आणि अनवाणी पायही चालत असे. पुण्याला सायकलींचे शहर म्हणायचे दिवस मी पाहिले आहेत. माझे माहेर पुण्यातले. धोतर एका हाताने सावरत चाललेले मास्तर, सायकलला महापालिकेचा बिल्ला, डबलसीट दिसले की शिट्टी मारणारा पोलीस, आणि संध्याकाळी दिवा नाही म्हणून सायकल हातात धरून चालणारी निम्मी आळी. सायकलसाठी म्हणून वेगळी पादत्राणे असतात, असे त्या वेळी कोणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो. मी स्वतः तासाच्या भाड्याने आणलेल्या सायकलवर हाफ पायडल शिकले ते अनवाणीच. नंतर लेडीज सायकल मिळाली तेव्हा मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी बसवली. जाळीचा विचार झाला, चपलेचा नाही. पावसाळ्यात स्लीपर घातली की साडीच्या मागच्या बाजूला पार कमरेपर्यंत चिखलाची नक्षी उठायची, एवढीच काय ती चपलेबद्दलची तक्रार.

१९७४ साली लग्न होऊन मी कासारवाडीत आले. तेव्हाचा हा पट्टा आताच्या मुलांना सांगून खरा वाटत नाही. आज घरावरून मेट्रो जाते (६ मार्च २०२२ पासून, कासारवाडीला स्वतःचे स्थानक आहे बरं का). तेव्हा पुणे-लोणावळा लोकलसुद्धा नव्हती, ती आली १९७८ साली. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ सालीच स्थापन झाली होती. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ झाले, आणि मग आकुर्डी, चिंचवड, भोसरी अशी कारखान्यांची रांगच लागली. १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली. कारखाने आले त्या वेगाने बसगाड्या काही आल्या नाहीत. कामगार कामावर जायचे ते सायकलने. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आधी जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर दापोडीकडून पिंपरीकडे सायकलींची अशी धार लागायची की शाळेतल्या मुलांना रस्ता ओलांडून देताना आम्हाला हात धरून साखळी करावी लागे.

त्या सायकलींवरचे पाय मी वर्षानुवर्षे पाहिले आहेत. शिक्षिकेचे लक्ष मुलांच्या आणि माणसांच्या पायांकडे जातेच, घरची परिस्थिती तिथे आधी कळते. काहींच्या पायांत स्लीपर, काहींच्या ट्रकच्या जुन्या टायरपासून केलेल्या चपला. गावाकडून नुकत्याच आलेल्यांच्या पायांत नाल ठोकलेल्या, खिळ्यांच्या जड वहाणा. पुष्कळांना कंपनीचे सेफ्टी शूज असत, पण ते हँडलला दोऱ्यांनी बांधून लटकवलेले! कंपनीतला जोड कंपनीतच झिजवायचा, रस्त्यावर नाही, असा हिशेब.

आमचे हे मात्र सेफ्टी शूज घालूनच सायकल चालवत. पुढे पोलादी टोपी असलेले, कडक तळाचे जड बूट. दिवसभर मशीनच्या तेलात उभे राहिलेला तळ आणि सात-आठ वर्षांत झिजून गुळगुळीत झालेले पायडलचे रबर. १९८१ सालच्या श्रावणात, नाशिक फाट्याजवळ, पाऊस पडत असताना उभे राहून जोरात पायडल मारताना त्यांचा पाय सटकला आणि पायडल उलटे फिरून नडगीवर बसले. नडगीवर मांस नसते, कातडीखाली थेट हाड. ती जखम भरायला दिवाळी उजाडली. पगार बुडाला तो वेगळाच. पायडलची रबरे किरकोळ पैशांत मिळत. पण सायकलमध्ये बदलायच्या वस्तूंची एक उतरंड असते, आधी टायर, मग ब्रेकचे रबर, मग चेन. पायडलचा नंबर कधीच लागत नसे.

बुटांचे खिळे मी पहिल्यांदा पाहिले ते खडकीत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा, आणि आजूबाजूला सगळी लष्कराची वस्ती. जुन्या ब्रिटिश लष्कराच्या बुटांना 'अ‍ॅम्युनिशन बूट' म्हणत. तळ जाड चामड्याचा, आणि त्यात ओळीने ठोकलेले लोखंडी खिळे, टाचेला नाल. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त जमादारांकडे तसा एक जोड माळ्यावर होता. मातीत, गवतात, चिखलात हे खिळे रुततात, म्हणून पकड. आमच्याकडच्या शेतकऱ्याच्या वहाणेचे तर्कशास्त्र तेच. पण हेच बूट फरशीवर, खडकावर किंवा लोखंडावर आले की घसरगुंडी. खिळ्याला रुतायला काहीतरी मऊ लागते. हे वाक्य जरा लक्षात ठेवा.

युरोपातले गिर्यारोहकही असेच खिळ्यांचे बूट घालून डोंगरात जात. १९३५ साली इटलीतल्या पुंता रासिका नावाच्या शिखरावर वादळात सापडून सहा जण गेले, आणि अपुरी पादत्राणे हे त्यामागचे एक कारण मानले गेले. त्यांचा सहकारी होता व्हिताले ब्रामानी. त्याने मनाला लावून घेतले आणि १९३७ साली जाड, खोल खाचांच्या रबरी तळाचे पेटंट घेतले. त्या तळाला नाव दिले 'कार्रार्मातो', म्हणजे रणगाडा. त्याच्या नावा-आडनावाची पहिली अक्षरे जोडून कंपनीचे नाव झाले 'व्हिब्राम'. १९५४ साली इटालियन चमू के-टू शिखरावर पोचला तेव्हा बुटांना हेच तळ होते. आपल्या सह्याद्रीत फिरणाऱ्या पोरांच्या पायांतले हंटर शूज, नंतरचे अ‍ॅक्शनचे ट्रेकिंग शूज, हे सगळे त्या रणगाड्याचे नातेवाईक. बुटातले खिळे गेले आणि त्यांच्या जागी रबराचे उंचवटे आले. अदलाबदलीची ही पहिली पायरी.

दुसरी पायरी तर आमच्या शाळेच्या मैदानावरच होती! पी.टी.चे पांढरे कॅनव्हासचे बूट आठवतात? शनिवारी सकाळी घालायचे, शुक्रवारी रात्री पाण्यात कालवलेल्या पांढऱ्याने रंगवायचे. वर कापड, खाली सपाट, पातळ, चिकट रबराचा तळ. आमच्याकडे हे गरीब मुलांचे बूट. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९६६ साली व्हॅन्स नावाच्या कंपनीने साधारण असेच, फक्त जाड आणि जाळीदार खाचांच्या रबराचे बूट करायला घेतले. ते उचलले चाकांच्या फळीवर उभे राहणाऱ्या पोरांनी, म्हणजे स्केटबोर्डवाल्यांनी, आणि मग लहान चाकांच्या बीएमएक्स सायकली उडवणाऱ्यांनी. त्यांना पाहिजे होते ते एवढेच की तळ सपाट असावा, रबर चिकट असावे, आणि खाली काय चालले आहे ते पायाला कळावे. पी.टी.च्या बुटात हे सगळे होते. आमच्या मुलांना कोणी सांगितले नाही इतकेच.

आता डोंगरातल्या सायकलीकडे येते. तिचा जन्म त्याच कॅलिफोर्नियातला, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मॅरिन परगण्यात. तिथल्या तरुणांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या, जाड टायरच्या जड सायकली भंगारातून उचलल्या आणि डोंगरावरच्या कच्च्या रस्त्यांवरून खाली सोडायला सुरुवात केली. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या उतारावर त्यांनी घड्याळ लावून पहिली शर्यत घेतली. जेमतेम साडेतीन किलोमीटरचा रस्ता आणि सुमारे चारशे मीटरचा उतार. ब्रेक मागच्या चाकाच्या आत असायचे, पायडल उलटे दाबले की लागणारे. खाली पोचेपर्यंत ते इतके तापत की आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि प्रत्येक खेपेनंतर नवे ग्रीस भरावे लागे. म्हणून त्या उताराचे नावच 'रीपॅक' पडले. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही त्यातली ठळक नावे. १९७७ साली जो ब्रीझने खास या कामासाठी म्हणून पहिली सायकल बांधली, आणि १९८१ साली 'स्पेशलाइझ्ड' कंपनीची 'स्टम्पजंपर' दुकानात आली. त्या काळचे फोटो बघा, सगळे जीनच्या पँटी आणि कामगारांचे जाडजूड बूट घातलेले. अगदी आमच्या पिंपरीच्या पहिल्या पाळीसारखे, फक्त ते हौसेने पडत होते.

डोंगरात रबराच्या वड्यांचे पायडल टिकेना. चिखल लागला की तेच गुळगुळीत होते. शिवाय डोंगरात सायकल नुसती चालत नाही, उसळते. दगडावरून चाक उडाले की पाय पायडलवरून उचलला जातो, आणि परत पडेल तो जागच्या जागीच पडला पाहिजे. म्हणून पुन्हा शर्यतवाल्यांचे दातेरी पायडल बाहेर आले, आणखी मोठे आणि आणखी दात्यांचे. त्याला म्हणायला लागले 'बेअर ट्रॅप'. उंदराच्या सापळ्याचा शंभर वर्षांत अस्वलाचा सापळा झाला! पुढे दाते जाऊन त्या जागी सुटे, स्क्रूसारखे बसवायचे बारीक खिळे आले. पायडलचा आकार तळहाताएवढा पसरट झाला. यालाच आता 'फ्लॅट पायडल' म्हणतात. आणि इथे उलटापालट पुरी झाली. खिळे पायडलवर गेले, मग त्यांना रुतायला काहीतरी मऊ लागणार, आणि ते मऊ आता बुटाखाली असायला हवे.

यावर दुसरा उपाय होता, पाय बांधूनच टाकायचा. मुंबई-पुणे शर्यतीतले सायकलपटू, ज्यांच्यातून 'घाटाचा राजा' निवडला जायचा, ते पायडलच्या लोखंडी क्लिपमध्ये पाय घालून पट्टा आवळत. १९८४ साली फ्रान्सच्या 'लूक' कंपनीने बर्फावर घसरायच्या पट्ट्यांना बूट जसा खटकन बसतो तसे पायडल काढले. पुढच्याच वर्षी बर्नार इनोने ते वापरून 'तूर द फ्रान्स' जिंकली. १९९० साली जपानच्या शिमानोने डोंगरातल्या सायकलींसाठी तीच युक्ती आणली. गंमत म्हणजे, ज्या पायडलमध्ये पाय खरोखर अडकतो त्याला इंग्रजीत 'क्लिपलेस', म्हणजे बिनक्लिपचे म्हणतात. का, तर जुनी लोखंडी क्लिप गेली म्हणून. व्याकरण शिकवणाऱ्या बाईने यावर काय बोलावे? असो.

बहुतेकांना वाटले की आता सपाट पायडल पोरांच्या सायकलींपुरते उरणार. तसे झाले नाही, आणि याचे श्रेय बरेचसे बुटांना आहे. कॅलिफोर्नियातच चार्ल्स कोल नावाच्या माणसाने १९८५ साली 'फाइव्ह टेन' ही कंपनी काढली. नाव कड्यांच्या अवघडपणाच्या एका श्रेणीवरून. कडे चढणाऱ्यांसाठी त्याने 'स्टेल्थ' नावाचे रबर तयार केले. ते नुसते मऊ नव्हते, आळशी होते. आपण खोडरबर दाबून सोडले की ते टुणकन पूर्ववत होते. हे रबर दाबले की मळलेल्या कणकेसारखे हळूहळू वर येते. खडकाच्या बारीक खडबडीत जागेत ते शिरते आणि तिथेच बसून राहते. पायडलच्या खिळ्यांना यापेक्षा चांगले सासर कुठले मिळणार? कड्यांवरचे रबर सायकलच्या बुटाला लागले. ऑस्ट्रेलियाच्या सॅम हिलने २००७ आणि २०१० साली उतारावरच्या शर्यतीचे जगज्जेतेपद सपाट पायडलवर मिळवले, त्याच्याभोवतीचे बहुतेक सगळे पाय अडकवून चालवत असताना. पुढे २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षे तो एन्ड्युरो मालिकेचा विजेता झाला, तेही सपाट पायडलवरच. ती कंपनी २०११ साली आदिदासने विकत घेतली. आता इतरही पुष्कळ जण तसे बूट करतात.

एवढे सगळे मी का वाचले? माझ्या नातीसाठी. ती चाकणच्या एका कंपनीत डिझाइन विभागात आहे. आठवडाभर संगणकासमोर बसते आणि रविवारी पहाटे उठून चार मैत्रिणींबरोबर सायकलने घोरावडेश्वर, नाहीतर लोहगडाचा पायथा. गेल्या आषाढात एका उतारावर तिचा पाय पायडलवरून उडाला, आणि खिळे नडगीवरून वर ओढले गेले. सात टाके. ड्रेसिंग करताना मी शेजारी बसले होते, आणि मला त्याच जागी, त्याच पायावर, दुसरी एक खूण दिसत होती, १९८१ सालची. ती आता पाहायला मिळत नाही, हे जाऊन सहा वर्षे झाली.

घरात अर्थातच दोन तट पडले. मुलाचे म्हणणे, सायकल विकून टाक. सुनेचे म्हणणे, निदान पाय अडकवायचे पायडल घे, म्हणजे सटकणार नाही. नातीला दोन्ही नको. तोल गेला तर पाय पटकन खाली टेकता आला पाहिजे, बांधलेल्या पायाची तिला भीती वाटते. ही भीती मला शहाणपणाची वाटली. तिच्या पायांत त्या दिवशी काय होते, हे मात्र कोणी विचारलेच नाही. मी विचारले. पळायचे बूट होते! सुंदर, हलके, जाड फोमच्या गादीचे, पुढून होडीसारखे वर वळलेले.

पळण्याचा बूट पळण्यासाठी उत्तम. पायडलवर त्याच्या वळलेल्या टोकाखाली खिळे पोचतच नाहीत, मधली गादी पायडलवर वाकते आणि तासाभरात तळव्यात गोळा येतो. खाली काय चालले आहे ते पायाला कळतही नाही. ट्रेकिंगचे बूट घालावेत, असे पुष्कळांना वाटते, कारण डोंगरात जायचे आहे. पण ब्रामानीच्या रणगाड्याचे उंचवटे मातीसाठी आहेत. पायडलचे खिळे त्या उंचवट्यांच्या मधल्या घळीत पडतात. एक तर टेकतच नाहीत, नाहीतर असे अडकतात की पाय हवा तसा सरकवता येत नाही. आणि ते रबर चालून झिजू नये म्हणून कडक केलेले असते, खिळा त्यात शिरत नाही.

म्हणून आम्ही दोघी दुकानात गेलो तेव्हा मी प्रत्येक बूट उलटा करून बघत होते. विक्रेता मुलगा आधी गोंधळला, मग त्यालाच मजा वाटायला लागली. तळ चवड्यापासून टाचेपर्यंत सपाट हवा, त्यावर ठिपके किंवा षटकोन असे उथळ, सारख्या अंतरावरचे उठाव हवेत. नखाने दाबल्यावर खूण उमटून ती सावकाश भरून यायला हवी. (रबराचा मऊपणा मोजायचे शोअर नावाचे माप असते, पण डब्यावर ते क्वचितच छापतात. नख बरे.) मग बूट दोन्ही हातांत धरून वाकवायचा. चवड्याशी थोडा वाकला पाहिजे, मधोमध मुळीच नाही. मध्ये वाकला की तो पायडलवरही वाकणार. बोटांवर टणक टोपी हवी, दगड लागतात. घोट्याच्या आतल्या बाजूला, जिथे क्रँक घासतो, तिथे जरा जाड अस्तर असले तर उत्तम. नाड्या खोचून ठेवायला पट्टी हवी, लोंबती नाडी चेनमध्ये जाते हे आमच्या वेळेपासून सगळ्यांना ठाऊक आहे.

एक गोष्ट दुकानात कळत नाही. सर्वांत मऊ रबर सर्वांत चांगले, असे नाही. फार चिकट बूट पायडलवर एकदा टेकला की जागा बदलायला पाय उचलावाच लागतो. नवीन माणसाला पाय सारखा इकडेतिकडे करायची सवय असते. शिवाय मऊ रबर आपल्या मुरमाड रस्त्यावर चालताना भराभर झिजते, आणि लोहगडाच्या बाजूला सायकल खांद्यावर घेऊन चालणे काही चुकत नाही. तेव्हा मधला घ्यावा. शर्यत जिंकायची नाही आहे आपल्याला.

किंमत ऐकून मी खुर्ची मागितली. माझ्या नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांचा पगार एकत्र केला तर जेमतेम तेवढा भरेल. पण टाके घालणाऱ्या डॉक्टरांचे बिलही बघितलेले होते. घेतले. बरोबर नडगीवर बांधायचे पॅडही घेतले, ते नातीला अगदी नको होते. आजीने पैसे द्यायचे असले की आजीची एखादी अट चालवून घ्यावी लागते.

पायडलचे खिळे सुटे होतात हेही त्या निमित्ताने कळले. झिजलेले बदलता येतात, कमीजास्त करता येतात. सायकलवाल्याने नातीच्या पायडलचे मधल्या ओळीतले दोन-दोन काढून टाकले, मधे किंचित खोलगट राहिले तर पाय चांगला बसतो म्हणून. तिला त्याने आणखी एक शिकवले. पायडलचा दांडा चवड्याच्या जरासा मागे यावा आणि उतारावर टाच खाली ढकलावी, म्हणजे दगडाने हादरा दिला की पाय पायडलवर आणखी दाबला जातो. टाच वर असली तर तोच हादरा पाय उडवून लावतो. ह्यांना हे कोणी सांगितले नव्हते. त्यांच्या बुटात पोलादी टोपी होती, तिने बोटे तेवढी वाचवली असती.

दिवाळीनंतर ती पुन्हा जायला लागली. परवा घोरावडेश्वरहून आली तेव्हा अवकाळी पावसात सापडलेली, बूट चिखलाने दुप्पट झालेले. खिळ्यांनी तळाला बारीक बारीक टोचे पाडले आहेत, सगळे चवड्याच्या मागे, एकाच जागी, वहीत तांबडी पेन्सिल टोचल्यासारखे. म्हणजे पाय एकाच ठिकाणी राहतो आहे. मुलाने ते पाहिले आणि काही बोलला नाही.

असे बूट भिजले तर उन्हात ठेवू नका, सोल उकलतो. आतली गादी काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दोन तासांनी बदलायचे. रविवारच्या पुरवणीचा कागद गुळगुळीत असतो, तो पाणी धरत नाही. आतली साधी पाने वापरावीत.